घरगाडीतलं विरजण

बदामी सोडताना मी गाडीच्या मागे उभी राहून "या, या, अजून या, थांबा!" असं ओरडत होते आणि आमचे हे आरशात बघत गाडी मागे घेत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांनी माझं इतकं निमूटपणे कधी ऐकलं नव्हतं. गेली दोन वर्षं रोज ऐकतायत, कारण एकदा हंपीला ऐकलं नाही आणि मागचा दिवा तिथल्या एका दगडी ओट्यापाशीच राहिला. आज मात्र गाडी चिंचेला न टेकता सरळ रस्त्यावर आली. तांबड्या डोंगरांवर ऊन चढत होतं, तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं आपटत होत्या, आणि आम्ही घरी निघालो होतो. पुण्याला, कर्वेनगरला.

घरी म्हणजे कुठे, ते आधी सांगते. कर्वेनगरमधली आमची जुनी इमारत पुनर्विकासाला गेली. बाकीच्यांनी आसपास भाड्याची घरं बघितली. हे खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, मी शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. एके दिवशी हे एक जुनी मोटारहोम बघून आले. म्हणजे पलंग, ओटा, शेगडी, छोटा फ्रिज आणि उभं राहिलं तर वळता येत नाही असं न्हाणीघर असलेली गाडी. जेवताना म्हणाले, "इमारत होण्याची वाट भाड्याच्या घरात बसून बघायची, की फिरत फिरत?" मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या वयाचे लोक गुडघे बदलतात." हे म्हणाले, "गुडघे चालतायत. आम्ही घर बदलतो." मी जन्मभर पोरांकडून काळी मृदा आणि जांभी मृदा पाठ करून घेतली होती, हातात घेऊन कधी पाहिली नव्हती. मी हो म्हटलं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं, आमचं चाकांवर आलं.

निघताना घरातलं सगळं सामान मुलीकडे आणि नातेवाइकांकडे वाटून ठेवलं. माझ्या स्वयंपाकघरातली एकच गोष्ट सोबत घेतली, ती म्हणजे विरजणाची स्टीलची डबी. हे विरजण माझ्या सासूबाईंचं. त्यांनी ते लग्नानंतर वाईहून, आपल्या माहेरून आणलं. वाईहून खडकीच्या क्वार्टरमध्ये, तिथून कर्वेनगरला. रोज रात्री दूध विरजायचं आणि सकाळी घुसळायच्या आधी चमचाभर दही डबीत काढून ठेवायचं. इतकी वर्षं एक दिवसही खंड पडला नव्हता. "आपल्या घरातून विरजण मागायला वाटी घेऊन कुणी बाहेर गेलेलं नाही," असं सासूबाई शेजारणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. आणि मला जवळ बसवून सांगायच्या, "नव्या घरात दूध उतू घालवतात ते देवासाठी. त्याच दुधाला आपलं विरजण लागलं, की मग घर आपलं." खडकीहून कर्वेनगरला आलो तेव्हा त्यांनी तसंच केलं होतं. आता नव्या इमारतीतल्या घराची किल्ली मिळणार होती, तिसऱ्या दिवशी दुपारी पूजा होती, आणि ते विरजण जिवंत ठेवून त्या ओट्यापर्यंत पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. जुन्या घराचं बाकी काही राहिलं नव्हतंच. भिंती गेल्या, खिडकीतला बहावा गेला. ही डबी तेवढी होती.

गाडीत विरजण सांभाळणं म्हणजे तान्हं मूल सांभाळण्याइतकंच काम आहे. दही हललं की लागत नाही. त्यामुळे सूर्य मावळायच्या आत कुठे तरी मुक्काम ठोकायचा, हा माझा नियम. उटीला थंडीत दही लागेना, तेव्हा मी ह्यांची कानटोपी भांड्याला घातली आणि हे रात्रभर डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपले. "आपण प्रवासाला निघालोय, की दह्याला देश दाखवायला?" असं हे विचारायचे. मी म्हणायचे, "दह्याची तक्रार नाही. तुमचीच असते."

बदामीजवळ बनशंकरीच्या देवळाबाहेर टोपल्या घेऊन बसलेल्या बायका जोळद रोट्टी (ज्वारीची पातळ भाकरी), शेंगांची चटणी आणि छोट्या मडक्यातलं मोसरु (दही) विकतात. आदल्या दिवशी तिथे जेवलो. ह्यांनी ते मडकं बोटाने पुसून खाल्लं आणि म्हणाले, "काय दही आहे! अगं, यातलंच विरजण घेऊन जाऊ या ना." मी त्या बाईसमोर काही बोलले नाही. गाडीत आल्यावर म्हटलं, "दुसऱ्याची आई चांगली दिसली म्हणून कुणी आई बदलतं का?" उरलेल्या रस्त्यात ह्यांनी वळायचे सिग्नल तेवढे दाखवले.

तर बदामीहून रामदुर्ग, यरगट्टी करत बेळगावकडे निघालो. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत नांगरटीच्या रेषा, मध्येच सूर्यफुलांचा एखादा पिवळा तुकडा. एका ठिकाणी गाडी थांबवून मी ढेकूळ हातात घेऊन फोडलं. हे म्हणाले, "झाली का तपासणी? पास की नापास?" यरगट्टीच्या पुढे एका गावात लग्नाचा मांडव रस्त्यावरच घातला होता, आणि त्याची कमान आमच्या छपराला पुरेना. मी खाली उतरले, कमानीखाली उभी राहिले, वर बघितलं आणि "या, या" सुरू केलं. मांडवातले पाचसहा पुरुष धावत आले, काठ्यांनी कापड वर उचललं, आम्ही खालून सरकलो. एका म्हाताऱ्याने खिडकीतून हात घालून ह्यांच्या हातावर लाडू ठेवला आणि कानडीत काही तरी म्हणाला. आम्हाला एक अक्षर कळलं नाही. "सुखी राहा म्हणाला असेल," हे म्हणाले. मी म्हटलं, "पुन्हा या रस्त्याने येऊ नका म्हणाला असेल." लाडू मात्र अप्रतिम होता, अर्धा अर्धा खाल्ला.

बेळगावच्या अलीकडे एका पेट्रोल पंपाच्या मालकाने मागच्या आवारात गाडी लावू दिली. मी दूध विरजलं. सकाळी दही असं लागलं होतं की वाटी उपडी केली तरी पडलं नसतं. मग शहरात खव्याचा कुंदा घेतला आणि निपाणीच्या रस्त्याला लागलो, तेव्हा टाकीतलं पाणी संपलंय हे लक्षात आलं. पाणी भरायचं काम ह्यांचं. "भरलं होतं मी." "मग ते प्यायलं कोण?" अशी चर्चा करत आम्ही महामार्ग सोडला आणि एका कच्च्या रस्त्यावरच्या घराशी थांबलो. अंगणात चिंचेखाली माझ्यापेक्षा थोडी लहान अशी एक बाई तंबाखूची पानं उलटीपालटी करत होती. मी पाणी मागितलं.

"घ्या की आक्का, पाण्याला काय इचारायचं," ती म्हणाली आणि नळी लावून दिली. "कुठनं आलासा?"

"बदामीहून. चाललोय पुण्याला."

तिने दारातून आत डोकावून बघितलं. पलंग, शेगडी, देव्हारा, दोरीवर ह्यांचा बनियन. "आगं बया. ह्येच घर हाय व्हय तुमचं?"

"सध्या हेच."

"मालकास्नी रोज डोळ्याम्होरंच ठेवायचं म्हना की," असं म्हणून ती इतकी हसली की ह्यांनाही हसू आलं. मग तिने मला दही दाखवलं. चमच्याला तार सुटत होती. "रोज असंच हुतंय बगा. सून म्हणती टाकून द्या, इकत आणू." मी तिला म्हटलं, वाटी आणा. डबीतलं चमचाभर दिलं. एरवी मी विरजण देताना जरा हात आखडतेच. पण तिने पाणी देताना आमचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. तिने आम्हाला ओल्या शेंगा दिल्या आणि हात हलवत रस्त्यापर्यंत आली.

कोल्हापूरला दुपारी जेवलो. ह्यांनी तांबडा रस्सा तीन वाट्या प्यायला आणि कराडपर्यंत पाणी पीत होते. टाकी भरलेली होती म्हणून बरं. सातारा मागे टाकला आणि ऊन उतरायच्या आत वाईला पोचलो.

शेवटचा मुक्काम वाईला करायचा, हे मीच ठरवलं होतं. सासूबाईंचं माहेरचं आता तिथे कुणी राहिलेलं नाही. घराच्या जागी दुकानं झाली आहेत. पण कृष्णा आहे, घाट आहे. आम्ही पायऱ्यांवर बसलो. हे पाण्याकडे बघत म्हणाले, "आई इथे पोहायला शिकली होती, माहीत आहे? मामाने ढकलून दिलं होतं." मला माहीत होतं, दर वेळी सांगतात. तरी मी "हो का?" म्हटलं. उद्यापासून ही गाडी आमची नसणार होती. नव्या इमारतीत गाड्या यंत्राने वरखाली होणाऱ्या पाळण्यात ठेवायच्या, त्यात ही मावणं शक्य नव्हतं. नाशिकचं एक जोडपं ती घ्यायला दुपारी कर्वेनगरलाच येणार होतं. ह्यांना वाईट वाटत होतं. गाडी लावताना त्यांनी स्टिअरिंगवरून दोनदा हात फिरवला, ते मी बघितलं.

त्या रात्री मी दूध विरजलं नाही. उद्या पूजेचं दूध विरजायचं, मग उगाच सकाळच्या गडबडीत भांडंभर दही कुठे न्यायचं? सकाळचं उरलेलं दही जेवताना संपवलं. चमचाभर डबीत ठेवलं आणि डबी फ्रिजमध्ये. आणि जेवण झाल्यावर, दमले होते म्हणून असेल, मी म्हटलं, "दोन वर्षांत एकदा तरी आपणहून भांडी घासलीत का हो?"

आता ह्यांची एक सवय सांगते. कारखान्यात पाळी संपली की यंत्र पुसून, हत्यारं घासून, तेल लावून पुढच्या पाळीच्या माणसाच्या हाती द्यायची, अशी पद्धत. घाणेरडं हत्यार सुपूर्द करणं म्हणजे समोरच्याचा अपमान. निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा ह्यांनी सगळं लखलखीत करून दिलं आणि मग हार घालून घेतला.

सकाळी मी घाटावर देवदर्शन करून आले, तर गाडीतून राखेचा आणि लिंबाचा वास येत होता. ओटा चमकत होता. शेगडी चमकत होती. फ्रिज उघडा, पुसलेला, आत काही नाही. ह्यांच्या अंगावर पाणी उडालेलं, चेहऱ्यावर शाबासकी मिळणार असल्याचा आनंद. आणि खिडकीच्या कडेला उपडी घातलेली भांडी, त्यांच्या टोकाला ती डबी. इतकी लखलखीत की तीत घाटावरच्या देवळाचा कळस दिसत होता.

"अहो," मी म्हटलं, "यातलं..."

"तळाला जरासं काही तरी राहिलं होतं. वास आला आंबट. घासून टाकलं," हे म्हणाले. आणि माझा चेहरा बघून त्यांचं वाक्य संपेपर्यंत त्यांनाही कळलं.

आनंदावर विरजण पडतं म्हणतात. आमच्या आनंदातून ते निघून गेलं होतं. मला मोठ्याने ओरडायचं होतं, पण रडूच आलं. दोन वर्षं उटीच्या थंडीतून, रामेश्वरच्या उकाड्यातून जपत आणलं आणि शेवटच्या सकाळी, ते जिथून निघालं होतं त्याच गावात, मोरीतून वाहून गेलं. ह्यांनी तेवढ्यात मला समजवायला म्हणून "जिथून आलं होतं तिथेच गेलं म्हणायचं" असं म्हटलं. मी फक्त बघितलं. मग हे खाली पायरीवर जाऊन बसले आणि बराच वेळ ओला फडका पिळत राहिले, त्यातून एक थेंब पडत नव्हता. मला ह्यांचा राग येत होता आणि दयाही येत होती, तशीच मी भांडी पुसून पिशवीत भरली.

वाईहून निघालो. सुरूर फाट्याला महामार्ग लागतो. गाडी थांबली आणि ह्यांनी उजवीकडचा दिवा लावला.

"पुणं डावीकडे आहे," मी म्हटलं. वाई सोडल्यापासूनचं हे माझं पहिलं वाक्य.

"माहीत आहे. निपाणी उजवीकडे आहे."

"काय?"

"त्या बाईंना तू चमचाभर दिलं होतंस ना. ते आज लागलेलं असणार. चिंचेचं झाड होतं, नळी होती, तंबाखू होता. घर मी बरोबर काढतो शोधून."

मागून ट्रकवाला कर्णा वाजवत होता. हे समोर बघत होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर, दिवा टकटक करतोय. खरोखरच गेले असते हो. पुन्हा कराड, पुन्हा कोल्हापूर, चमचाभर दह्यासाठी. आणि मला तोंडाने जे म्हणता आलं नसतं ते मनात आलं, की असा माणूस माझ्या वाट्याला आला. मी म्हटलं, "भटजी वाट बघतील. गाडी घ्यायला ते लोक येतील. डावीकडे घ्या."

"नक्की?"

"डावीकडे घ्या म्हटलं ना! तो मागचा आता उतरून मारेल."

खंबाटकीचा बोगदा, शिरवळ, खेड शिवापूरला चहा. चहा पिताना ह्यांनी हळूच विचारलं, "मिरचीच्या देठाने पण दही लागतं म्हणतात." मी म्हटलं, "लागतं. कुणाचंही लागतं." कात्रजच्या बोगद्यातून बाहेर पडलो आणि डोळ्यांसमोर पुणं पसरलं. दोन वर्षांत इमारती इतक्या उगवल्या होत्या की मला ओळखीचा एक डोंगर शोधायला वेळ लागला. वारज्याच्या पुलाखाली गाडी वळवताना एक रिक्षावाला शेजारी येऊन थांबला, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "काका, एवढं घर घेऊन फिरताय, मग रस्ता आमच्यासाठी ठेवा की थोडा." तेव्हा मात्र मला आपण घरी आलो असं वाटलं.

नव्या इमारतीच्या फाटकाशी रखवालदाराने हात आडवा केला. "पाहुण्यांच्या गाड्या बाहेर."

"आम्ही पाहुणे नाही," हे म्हणाले. "सातव्या मजल्यावरचे."

त्याने यादीत बघितलं, गाडीकडे बघितलं, म्हणाला, "गाडी बाहेरच." तेही बरोबरच होतं.

घर सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पांढऱ्या भिंती, मोठ्या काचा, ओटा असा की पोळी लाटायची भीती वाटावी. पण मी हाक मारली तर आवाज परत येत होता. जुने शेजारी एकेक करून येऊन गेले. इंगोले वहिनी आल्या. जुन्या इमारतीत आमच्या समोरचं दार त्यांचं. आता त्या चौथ्या मजल्यावर. मूळच्या अमरावतीच्या. लग्न होऊन पुण्यात आल्या तेव्हापासून, महिन्यातून एकदा तरी, वाटी घेऊन माझ्या दारात. "ताई, विरजण मोडलं पाहा माझं." मी आणि सासूबाई मागून हसायचो. एवढं साधं विरजण टिकत नाही या बाईकडून! त्यात त्या यायच्या नेमक्या संध्याकाळी. दिवेलागणीनंतर दूध, दही, मीठ घराबाहेर देऊ नये ही सासूबाईंची शिस्त, ती मी पुढे चालवली. "दिवेलागण झाली, उद्या या," असं सांगून कितीदा परत पाठवलं असेल. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा यायच्या.

त्या आज म्हणाल्या, "ताई, किती वाळल्या तुम्ही बाप्पा! दोन वर्षं गाडीत राहणं म्हणजे काय खेळ आहे? चहाले या खाली." मी येते म्हटलं. त्यांच्याकडे विरजण असेल का, हे ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं.

पूजा झाली. दूध उतू घालवलं, ते नव्या ओट्यावरून ओघळलं, मुलीने टाळ्या वाजवल्या. नाशिकचं जोडपं आलं. ह्यांनी त्यांना गाडी आतून दाखवली. ती बाई म्हणाली, "किती स्वच्छ ठेवलीय हो!" ह्यांनी मान खाली घातली. किल्ली दिली, मागे उभे राहून स्वतःच "या, या, या" केलं आणि गाडी वळणापलीकडे दिसेनाशी झाली तरी तिथेच उभे होते. मी जाऊन त्यांचा दंड धरला. रखवालदार म्हणाला, "काका, आता आत या."

मुलगी गेली. घरात उरलो आम्ही दोघं, पातेलंभर पूजेचं दूध आणि ती लखलखीत डबी. पिशवीतलं दही आणून विरजता आलं असतं. हे तसं म्हणालेसुद्धा, "कोपऱ्यावरून आणू का?" मी नको म्हटलं. मग विचार केला. दोन वर्षं मी अनोळखी दारांत उभी राहून पाणी मागितलं, जागा मागितली, एकदा तर न्हाणीघर मागितलं, आणि कुणी नाही म्हटलं नाही. आणि इथे, जिच्या मुलांना मी अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या दारात जायला माझे पाय उचलेनात. सासूबाई ऐकत असतील असं वाटत होतं. शेवटी डबी घेतली आणि तीन मजले उतरून गेले. हे मागून आले. येऊ नका म्हटलं तरी आले.

इंगोले वहिनींनी दार उघडलं. देवापाशी दिवा लागला होता, उदबत्तीचा वास येत होता.

"वहिनी," मी म्हटलं, "जरा विरजण हवं होतं."

त्यांनी डबीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. खिडकीबाहेरच्या अंधाराकडे बघितलं. आणि अगदी माझ्याच आवाजात म्हणाल्या, "दिवेलागण झाली, उद्या या."

मी डबी मागे घेतली. मग वहिनी इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. "इतकी वर्षं पुण्यात काढली ताई, तेवढं तर शिकलीच ना! या, या आत. घराबाहेर देत नाही मी, तुमची शिस्त आहे. पण दूध इथं घेऊन या. इथंच विरजते. सकाळी घेऊन जा." हे पातेलं आणायला जवळजवळ धावतच गेले. वहिनींनी डबी हातात घेतली. "ही कोणी घासली?"

"ह्यांनी."

"तरीच. आपल्याले इतका वेळ कुठं असतो?"

त्यांनी फ्रिजमधून दही काढलं. घट्ट, वरून जराशी पिवळसर साय. मी विचारलं, "कुठलं हो हे? डेअरीचं?"

"डेअरीचं कायले? तुमचंच तर आहे. इमारत सोडताना दिलं नव्हतं का तुम्ही? भाड्याच्या घरात होती तरी मोडू नाही दिलं. एक दिवस नाही." दिलं होतं खरं, पण ते महिनाभरातच मोडलं असणार असं मी धरून चालले होते. त्यांनी चमचा बुडवून माझ्यापुढे केला. मी चाखलं. ओळखीचं, आधी गोड आणि मागून किंचित आंबट. वाईहून खडकीला, खडकीहून कर्वेनगरला आलेलं. मी तिथे, त्यांच्या ओट्याशी उभी राहून रडले आणि मला काही लाज वाटली नाही. ह्यांनी दूध कोमट आहे का ते बघायला बोट बुडवलं आणि वहिनी त्यांना ओरडल्या.

सकाळी मी खाली गेले. दही सुरेख लागलं होतं. वहिनींनी चहा ठेवला. मला रात्रभर एक गोष्ट छळत होती, ती मी विचारली. "वहिनी, दोन वर्षं मोडू दिलं नाहीत. मग तेव्हा महिन्याच्या महिन्याला कसं मोडायचं तुमचं?"

त्या कपात साखर ढवळत होत्या. "मोडत कुठं होतं ताई? नवीन आली होती मी पुण्यात. हे दिवसभर कामाले, संध्याकाळ झाली की घर खायले उठायचं. तुमच्याकडे उजेड असायचा, तुम्हा सासू-सुनेचं बोलणं ऐकू यायचं. पण तुम्ही पुण्याची माणसं, कामाशिवाय कोणाच्या दारात जात नाही, येऊ देत नाही. मग म्हटलं, काम काढावं काही तरी."

मी चहा पीत राहिले. चहा गोड होता, फार गोड, अमरावतीचा.

वर आले तेव्हा ह्यांनी वाट्या काढून ठेवल्या होत्या. एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला, मग म्हणाले, "आईचंच." मी चमचाभर दही डबीत काढून ठेवलं. नव्या ओट्याशी उभी राहून हाक मारली, तर आवाज परत आला नाही असं म्हणायला आवडलं असतं, पण तो आला. सामान यायचंय अजून.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. डबी भरलेली असते, रोज. तरी परवा दिवे लागायच्या वेळेला मी एक रिकामी वाटी घेतली आणि लिफ्टचं बटण दाबलं. हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "कुठे निघालीस? विरजण आहे की घरात."

"आहे," मी म्हटलं. "मोडलंय म्हणून सांगते."